आठवड्याचा पाठ आणि त्रुआचा टीकाकार

श्रोतेहो, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या जुन्या माणसांना ‘शनिवार तेली’ हे नाव ठाऊक असेल. मराठी बोलणारी, तेलाचे घाणे चालवणारी ही मंडळी शनिवारी मात्र घाण्याला बैल जुंपत नसत. ती बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. १७९६ साली मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभं राहिलं. सिनेगॉगात शनिवारी काय वाचतात, आणि त्या वाचनाची तयारी यहुदी माणूस घरी कशी करत आला, हा आजचा विषय. त्यासाठी आपल्याला कोकण सोडून थेट अकराव्या शतकातल्या फ्रान्सात जायचं आहे.

यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ तोराह. त्याची पाच पुस्तकं. त्यांचे ५४ भाग पाडलेले आहेत आणि दर शनिवारी एक भाग सिनेगॉगात मोठ्यानं वाचला जातो. क्वचित एका शनिवारी दोन. वर्षात ग्रंथ पुरा होतो. ज्या दिवशी शेवट वाचायचा त्याच दिवशी पहिलं पान पुन्हा सुरू. शिवाय सोमवारी आणि गुरुवारी येत्या भागाची थोडी सुरुवात वाचतात. का, तर प्राचीन काळी हे दोन दिवस खेड्यातल्या लोकांनी गावात येण्याचे होते. आठवडी बाजाराला जाणाऱ्या आपल्या श्रोत्यांना यातली सोय वेगळी सांगायला नको!

पण नुसतं ऐकून भागत नसे. प्रत्येकानं तो भाग घरी मुळातून दोनदा आणि अरामी भाषांतरातून एकदा वाचावा, असा तालमूदचा दंडक. हा नियम झाला तेव्हा अरामी ही लोकांची बोली होती. पुढं ती बोलायची सुटली. फ्रान्स-जर्मनीतल्या यहुद्याला मूळही कठीण आणि भाषांतरही कठीण, अशी अवस्था झाली.

ही अडचण ज्यानं दूर केली तो माणूस म्हणजे राशी. पंचांगातली रास नव्हे बरं का! रब्बी श्लोमो यित्झ्हाकी या नावाच्या आद्याक्षरांचं ते रूप आहे. जन्म १०४० साली, फ्रान्सातल्या त्रुआ गावी. जर्मनीत माइंत्स आणि वर्म्स इथं तो शिकला, गावी परतला आणि तिथंच शिष्य जमवून शिकवू लागला. द्राक्षमळ्यांवर त्याची गुजराण होती असं परंपरा सांगते. ज्या दोन गावांत तो शिकला, तिथल्या यहुदी वस्त्यांची १०९६ साली पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी कत्तल केली. तेव्हा राशी छपन्न वर्षांचा होता. पुढं १३०६ मध्ये यहुद्यांना फ्रान्सातूनच हाकलून दिलं, पण राशीची टीका त्यांच्याबरोबर देशोदेशी गेली.

त्या टीकेत विशेष काय? एक म्हणजे ती थोडक्यात आहे. दुसरं, ती घरातल्या बोलीत उतरते. सृष्टीच्या आरंभी पाण्यावर काहीतरी अधांतरी तरंगत होतं, असं मुळात आहे. तिथलं क्रियापद दुर्मीळ. राशी सांगतो, कबुतर घरट्यावर पंख पसरून राहतं ना, तसं. आणि लगेच हिब्रू अक्षरांत फ्रेंच शब्द देतो, ‘अकोव्हतेर’. असे शेकडो शब्द त्यानं दिले. आज जुन्या फ्रेंच भाषेचे अभ्यासक त्यांच्यासाठी राशीकडे जातात. गंमत पाहा, शिकवायला निघाला हिब्रू आणि राखून ठेवली फ्रेंच!

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. नोहा ‘आपल्या पिढीत’ सज्जन होता, असं मूळ म्हणतं. ‘आपल्या पिढीत’ कशाला म्हटलं? राशी जुन्या पंडितांची दोन मतं मांडतो. कोणी म्हणतात, वाईट संगतीत जो इतका चांगला, तो चांगल्या संगतीत किती चांगला झाला असता! कोणी म्हणतात, अब्राहामाच्या पिढीत याला कुणी विचारलंही नसतं. निकाल राशी देत नाही. पुढं आणखी एक जागा आहे. याकोब मामाकडे निघतो. तिथं त्याची आई रिबका हिला ‘याकोब आणि एसाव यांची आई’ म्हटलं आहे. वाचकाला हे आधीच माहीत आहे, मग पुन्हा का? राशीनं लिहिलं : यातून काय शिकवायचं आहे, मला माहीत नाही. या जागी तो गप्प बसला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मी इतकी वर्षं शिकवतो आहे. न कळलेली ओळ ‘सोपी आहे’ म्हणून वर्गात मी किती वेळा ओलांडली असेल, ते माझं मलाच ठाऊक.

राशीला मुलगा नव्हता. त्याच्या मुलीचा मुलगा शमुएल हा आजोबांजवळच शिकला, आणि त्यांच्याशीच वाद घालू लागला. त्याचं म्हणणं, आजोबा, तुम्ही पुराणकथांचा आधार फार घेता, शब्दांचा सरळ अर्थ धरा. राशी वारला ११०५ साली. म्हणजे तेव्हा हा नातू फार तर विशीचा. त्यानंच पुढं आपल्या टीकेत नोंदवलं आहे की आजोबांनी म्हणणं मान्य केलं आणि सांगितलं, सवड मिळती तर मी दुसऱ्या टीका लिहिल्या असत्या, कारण सरळ अर्थ रोज नवे सुचत असतात.

ती सवड काही मिळाली नाही. जुनीच टीका हातोहात नकलून पसरली. १४७५ साली इटलीत रेज्जो कालाब्रिया इथं ती छापली गेली. छपाईचं साल दिलेलं हे पहिलं हिब्रू पुस्तक. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांच्या धर्मसंहितेनं तर मोकळीक दिली, की आठवड्याच्या पाठाला अरामी भाषांतराच्या जागी राशी वाचला तरी चालेल. नातवाची टीका मात्र हस्तलिखितातच पडून होती. ती बर्लिनला छापली गेली १७०५ साली, आजोबांच्या टीकेनंतर २३० वर्षांनी. आता तोराहच्या मोठ्या आवृत्त्यांत मूळ मजकुराभोवती दोघंही बारीक अक्षरांत शेजारी-शेजारी असतात, आणि शनिवारच्या आत पाठ पुरा करणारा वाचक एकाचं वाचून झालं की दुसऱ्याकडे वळतो.