खिडकीतून फेकलेल्या चाव्या

ड्रेस्डेनच्या मुख्य स्टेशनातून बाहेर पडलं, की शहराच्या मध्याकडे जाणारा एक सरळ, रुंद रस्ता लागतो. त्याचं नाव प्रागर श्ट्रासे, म्हणजे प्रागचा रस्ता. आपल्याकडे पुण्यात सातारा रस्ता आहे ना, तसंच. गंमत एवढीच, की सातारा रस्ता साताऱ्याकडे जातो आणि हा प्रागकडे जात नाही. प्रागला जायचं तर त्याच्याकडे पाठ करून फलाटावर यावं लागतं.

मी तो प्रवास दिवसा केला, आणि तो दिवसाच करावा. जेमतेम सव्वादोन तासांची वाट आहे. डावीकडची खिडकी पकडावी, कारण नदी डावीकडे असते. जर्मन लोक तिला एल्ब म्हणतात, चेक लोक लाबे. रूळ अगदी काठाने जातात, वर वालुकाश्माचे उभे कडे, मध्येच डोंगरमाथ्यावर क्योनिगश्टाइनचा किल्ला. आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला हे कडे बुटकेच वाटतात, पण नदीसकट पाहिलं की मान्य करावं लागतं. मग बाड शांडाऊ येतं. स्टेशन अलीकडच्या काठावर, गाव पलीकडच्या. त्यानंतर सरहद्द. मी गेलो तेव्हा ती आल्याचं मला खिशातल्या मोबाइलने सांगितलं, दुसऱ्या देशाच्या कंपनीचा संदेश आला म्हणून. जेवणाच्या डब्यातला चेक वाढपी त्याच सुमाराला बिअरचे पेले भरत होता. मी आपला चहा घेतला.

पुढे बोहुशोव्हित्से नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. आमची गाडी तिथे थांबली नाही. थांबावं असं तिथे काही दिसतही नाही. पण नोव्हेंबर १९४१ पासून प्रागच्या ज्यू कुटुंबांना याच स्टेशनात उतरवत. तिथून तेरेझिनच्या छावणीपर्यंत सुमारे तीन किलोमीटर, सामानासकट, चालत. १९४३ च्या जूनमध्ये छावणीपर्यंत स्वतंत्र रूळ टाकला गेला तेव्हा ही पायपीट संपली. ती माणसांच्या सोयीसाठी संपवलेली नव्हती, हे सांगायला नकोच. सुमारे १,४०,००० माणसं त्या छावणीत आणली गेली. त्यातली ३३,००० च्या आसपास तिथेच मेली, आणि ८८,००० च्या आसपास पुढे पूर्वेकडे, बहुतेक मृत्यूकडेच, पाठवली गेली. प्राग सोडण्याआधी त्यांना एका जागी जमवून पैसे, मौल्यवान वस्तू आणि कागदपत्रं काढून घेत. त्याबरोबर घराची चावीही द्यावी लागे.

या चावीपाशी मी अडकलो. कारण याच रुळांवरून १९८९ मध्ये दुसऱ्या काही गाड्या गेल्या, आणि त्यांच्या खिडक्यांतून माणसांनी आपण होऊन घराच्या चाव्या बाहेर फेकल्या.

त्या उन्हाळ्यात पूर्व जर्मनीच्या लोकांना पश्चिमेला जायला बंदी होती, पण भावाच्या घरी जावं तसं चेकोस्लोव्हाकियाला व्हिसाशिवाय जाता येत होतं. प्रागला पश्चिम जर्मनीची वकिलात होती, लोबकोविट्स राजवाड्यात. पश्चिम जर्मनीचा कायदा प्रत्येक जर्मनाला आपलाच नागरिक मानत असे, तेव्हा दाराशी आलेल्याला हाकलून देता येईना. मागच्या बागेचं कुंपण चढून माणसं आत उतरू लागली. पोरंबाळंसुद्धा. रस्त्यांवर त्यांनी सोडलेल्या त्राबांट मोटारी तशाच उभ्या होत्या. सप्टेंबर संपता संपता त्या बागेत तंबू, चिखल आणि सुमारे ४,००० माणसं होती.

३० सप्टेंबरच्या संध्याकाळी पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री हान्स-डीट्रिश गेन्शर त्या राजवाड्याच्या सज्जात आले. हे गृहस्थ स्वतः पूर्वेकडच्या हाले शहराजवळचे, १९५२ मध्ये निघून आलेले. तुम्हाला जाता येईल, हे सांगणारं त्यांचं वाक्य पुरं झालंच नाही. मधेच असा आरडाओरडा झाला, की शेवटचे शब्द बुडाले. पण पुढची अट ऐकून बाग पुन्हा गप्प झाली. गाड्या सरळ पश्चिमेला जाणार नव्हत्या. त्या ड्रेस्डेनवरून, म्हणजे ज्या देशातून ही माणसं पळाली त्याच देशातून फिरून जाणार होत्या.

ही अट पूर्व जर्मनीचे प्रमुख एरिख होनेकर यांची. ७ ऑक्टोबरला त्यांच्या राज्याला चाळीस वर्षं होणार होती, पाहुणे यायचे होते, आणि त्याआधी ही बाग रिकामी व्हायला हवी होती. माणसं पळून गेली असं दिसायला नको, आम्हीच आमच्या हद्दीतून त्यांना बाहेर काढलं असं दिसायला हवं. मला हा हट्ट फार ओळखीचा वाटतो. घरातून भांडून निघालेल्या मुलाला, 'तू काय जातोस, मीच तुला घालवतो' म्हणणारा बाप आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

भरवसा म्हणून गाड्यांत पश्चिम जर्मन अधिकारी बसले. लिबेन नावाच्या बाजूच्या स्टेशनातून त्या रात्री सहा गाड्या सुटल्या. लाबेच्या काठाने, बाड शांडाऊवरून, ड्रेस्डेनवरून. वाटेत गणवेशातले लोक डब्यांत चढले आणि ओळखपत्रं गोळा करू लागले. तेव्हा कुणीतरी खिशातली नाणी काढून बाहेर फेकली. पूर्व जर्मनीची ती अॅल्युमिनियमची हलकी नाणी, मग नोटा, मग चाव्या.

घर सोडावं लागलेली माणसं चावी जपून ठेवतात. घर पडलं, दार गेलं, तरी चावी राहते. इथे घर जागेवर, कुलूपही शाबूत आणि चावी रुळांशेजारच्या खडीत. आनंदाने फेकली की रागाने, हे त्या फेकणाऱ्यालाही सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. अवघ्या ३९ दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडणार होती. पण १ ऑक्टोबरच्या पहाटे होफच्या स्टेशनात, पश्चिम जर्मनीत उतरणाऱ्यांना ते कुठून ठाऊक असणार?

पहिल्या गाड्या गेल्या आणि बाग पुन्हा भरली. आता सरकारने ३ ऑक्टोबरला चेक सरहद्दच बंद केली. बाड शांडाऊला गाडीतून उतरवलेली माणसं परत ड्रेस्डेनला आली. इतक्यात बातमी पसरली, की प्रागहून आणखी गाड्या येताहेत, याच स्टेशनातून जाणार आहेत. ४ ऑक्टोबरच्या रात्री हजारो लोक फलाटांकडे धावले. कुणाला चढायचं होतं, कुणाला नुसतं पाहायचं होतं. पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, अश्रुधूर सोडला. दगड आले, काचा फुटल्या, पोलिसांची एक गाडी जळाली. सुमारे ८,००० माणसांना घेऊन गाड्या निघून गेल्या. राज्याची अब्रू राखायला आखलेल्या या मार्गाने राज्याचं भांडण आणून तिसऱ्या मोठ्या शहराच्या मधोमध ठेवलं.

त्या शहरातले, गाडीत न चढलेले लोक पुढचे दिवस रोज संध्याकाळी रस्त्यावर येत राहिले. ८ ऑक्टोबरला पोलिसांनी त्यांना प्रागर श्ट्रासेवरच वेढा घातला. या खेपेला लाठी चालली नाही. गर्दीतून तिथल्या तिथे वीसेक माणसं निवडली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहराचे महापौर त्यांच्याशी बोलायला बसले.