पाच दिवसांच्या आधीची दहा वर्षं

दरवर्षी १७ सप्टेंबरला बीडमध्ये झेंडावंदन होतं, भाषणं होतात आणि गोष्ट बहुतेक वेळा एकाच जागी येऊन संपते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज शिरली, १७ ला निजाम शरण आला, विषय खलास. तुम्ही पीएच.डी.साठी विषय शोधत असाल तर मी म्हणेन, त्या पाच दिवसांच्या आधीची दहा वर्षं बघा. हातात हत्यार नसताना लोकांनी राज्याला नकार कसा दिला, हा प्रश्न तिथं आहे.

आधी परिस्थिती समजून घ्या. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांपैकी एक. कारभार उर्दूत. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ मुळे सभा घ्यायची तर आधी परवानगी. खासगी शाळा काढायची तरी परवानगी. अशा राज्यात मराठी शाळा चालवणं हेच राजकारण ठरतं. म्हणून अंबाजोगाईची, म्हणजे सरकारदप्तरी मोमिनाबादची, योगेश्वरी शाळा महत्त्वाची. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून इथं शिकवायला आले आणि पुढे इथूनच पूर्णवेळ चळवळीत गेले.

स्टेट काँग्रेसवर तर स्थापनेआधीच बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रह सुरू झाला, तुकड्या तुरुंगात जाऊ लागल्या. दोनच महिन्यांत तो गांधीजींच्या सल्ल्यानं थांबवला गेला, कारण आर्य समाज आणि हिंदू महासभेचा सत्याग्रहही त्याच वेळी चालू होता आणि राजकीय मागणीला धार्मिक रंग चढत होता. लक्षात घ्या, आंदोलन मागे घेणं हाही अभ्यासाचा विषय असतो.

१९४७ नंतर रूप बदललं. तिरंगा फडकवणं, कोर्टांवर आणि शाळांवर बहिष्कार, लेव्हीचं धान्य न देणं, शिंदीची झाडं तोडणं. झाडं का? शिंदीवरच्या आबकारीतून सरकारला पैसा मिळायचा. झाड पडलं की महसूल पडला. इथं संशोधकानं थांबायला हवं. त्या झाडावर ज्याचं पोट होतं त्याचं काय झालं? माणसाला हात लावला नाही म्हणजे कृती अहिंसक झाली का? उत्तर ठरवून कामाला लागू नका.

तुलनेसाठी पॅलेस्टाईनमधलं बेत सहूर घ्या. पहिल्या इंतिफादात, १९८८ मध्ये, या गावानं इस्रायली प्रशासनाला कर देणं बंद केलं. तिथं परकीय लष्कराचा ताबा होता, इथं संस्थानी राजवट. दोन्ही एक नव्हेत. पण प्रश्न सारखा विचारता येतो: महसूल रोखला की सत्तेला नेमकं कुठं दुखतं, आणि किंमत कोण मोजतं?

आता अवघड भाग. शेवटच्या वर्षात रझाकारांचे अत्याचार वाढले आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांतून सशस्त्र लढाही झाला. फौज आल्यानंतर मुसलमानांवर मोठा हिंसाचार झाला. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात बीडचं नाव झळ पोचलेल्या जिल्ह्यांत आहे. हे गाळून ‘अहिंसक लढा’ असं शीर्षक दिलंत, तर ते संशोधन नाही, सत्काराचं भाषण होईल. आणि एवढंच सांगून शाळा, बहिष्कार, तुरुंग विसरलात, तरी ते अर्धवटच.

कामाच्या दोन गोष्टी. एक, उर्दू लिपी शिका. सत्याग्रही आठवणींत ‘देशभक्त’ असतो आणि पोलिसांच्या कागदात ‘आरोपी’. दोन्ही वाचल्याशिवाय माणूस दिसत नाही. दोन, तारखा सांभाळा. निजामी कागदांवर फसली साल असतं. त्यात साधारण ५९० मिळवा, पण वर्ष ऑक्टोबरात बदलतं हे विसरू नका. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. हा हिशोब चुकला तर फौज येण्याआधीची घटना नंतरची होऊन बसते, आणि तुमचा सगळा युक्तिवाद उलटा पडतो.

सुरुवात एका गावापासून करा. त्या गावात कोणी काय नाकारलं, आणि त्यानंतर त्याच्या घरी काय झालं, एवढंच आधी शोधा.