आगटी, रंधनाळ व दिवा

यवतमाळ जिल्ह्यांत (१९०५ पर्यंत ह्यासच वणी जिल्हा म्हणत) मुकुटबन हें गांव आहे. ह्या बाजूस सागाचें रान असल्यामुळें थंडींतली घरापुढील शेकोटी ही केवळ घरच्यांची बाब राहत नाहीं. राखीव वनांत, वनाधिकाऱ्यानें जाहीर केलेला हंगाम सोडून, विस्तव पेटविणें, ठेवणें किंवा नेणें १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमानें मना आहे. अंगणांत तें कलम चालत नाहीं. तेथें निष्काळजीपणापुरता १८६० च्या दंडसंहितेचें २८५ वें कलम लागू असे, व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें २८७ वें लागू आहे. दोहोंचा रोख अपराध व शिक्षा यांवर आहे.

असले निर्बंध इंग्रजी अमलाबरोबर आले असें पुष्कळ जण समजतात. तें खरें नाहीं. शिवछत्रपतींनीं राज्याभिषेकापूर्वी (१६७४) चिपळुणाकडील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेलें पत्र राजवाड्यांनीं आपल्या साधनांच्या आठव्या खंडांत छापलें आहे. रयतेच्या दाण्यास व लाकूडफाट्यास हात लावूं नये, एवढ्याचसाठीं त्याचा वारंवार दाखला दिला जातो. आगीविषयींचा भाग मात्र सहसा कोणी वाचून दाखवीत नाहीं. आणि आमच्या मतें पत्राची खरी बारकाई तेथेंच आहे.

त्यांत विस्तवाचे प्रकार वेगवेगळे मोजले आहेत : शेकण्यासाठीं पेटविलेल्या आगट्या, भलत्या जागीं मांडलेल्या चुली व रंधनाळी, तंबाखूसाठीं नेलेला निखारा, आणि रात्रीं घरांत जळत राहिलेला दिवा. (तंबाखूचा हा उल्लेख त्या काळच्या शिपायांच्या राहणीविषयींही कांहीं सांगून जातो.) विस्तवास सरसकट बंदी नाहीं. जवळ गवत पडलें आहे काय, वारा सुटला आहे काय, हें न पाहतां तो पेटविणें, हा दोष. एका खणास आग लागली कीं सगळे खण जळावयाचे, आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून सांठविलेली वैरण गेली कीं घोडीं मरावयाचीं. मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांस वाटेल तेवढी ताकीद दिली, तरी नवा खण उभारण्यास लाकूड मिळावयाचें नाहीं, असें पत्रांत स्पष्ट बजावलें आहे. म्हणून हवालदारानें स्वतः फिरून रांधणें, आगट्या व दिवे यांवर नजर ठेवावी, असा हुकूम आहे. शिक्षा मागाहून निरुपयोगी ठरते हें ओळखूनच भार आधींच्या देखरेखीवर टाकिला आहे. वर सांगितलेल्या कलमांच्या शब्दांत ही कारणमीमांसा शोधूनही सांपडणार नाहीं.

पत्र छावणीचें आहे, गांवचें नव्हे, हा आक्षेप योग्य आहे. परंतु गवत, लाकूड व वारा हीं जेथें एकत्र येतात तेथें छावणीची गोष्ट आणि वस्तीची गोष्ट वेगळी राहत नाहीं. म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, मोडी कागदांत आगटी किंवा चुलीविषयीं ताकीद आढळल्यास ती घरगुती बाब समजून बाजूस टाकूं नये. गांव व तिथि यांसह तिची नक्कल करून ठेवावी.

दिव्याविषयींची सूचना तर फारच घरगुती आहे : जळती वात उंदीर ओढून नेतो. ज्यांच्या माडीवर जुन्या कागदांचे रुमाल बांधून ठेविलेले आहेत त्यांस ती समजावून सांगावी लागणार नाहीं.