भूल देण्याआधी मशीन कशी तपासतात?

कर्जत/खालापूर : ऑपरेशनची वेळ झाली तरी पेशंटला आत घेत नाहीत, म्हणून नातेवाईक बाहेर चुळबुळ करतात. बऱ्याचदा त्या वेळी आत भूलतज्ज्ञ मशीन तपासत असतात. सिझेरियनला कमरेत इंजेक्शन देऊन भूल द्यायची असली तरी ही तपासणी लागतेच. इंजेक्शनचा असर कमी पडला तर आयत्या वेळी पूर्ण भूल द्यावी लागते.

पहिल्यांदा बघतात ती हाताने दाबायची अँबू बॅग. मशीन बंद पडली, ऑक्सिजन संपला, तरी या पिशवीने श्वास देता येतो. ती जवळ नसेल तर भूल सुरूच करायची नाही.

मग सिलिंडर. ऑक्सिजनचा काळा, पांढऱ्या खांद्याचा. नायट्रस ऑक्साइडचा निळा. ऑक्सिजन जसा संपेल तसा काटा खाली येतो. नायट्रसचं तसं नाही. तो आत पातळ असतो, त्यामुळे पातळ भाग संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही आणि मग भराभर पडतो. घरच्या गॅसच्या टाकीसारखं, खरा अंदाज वजनावरूनच येतो.

गळती बघायला पेशंटकडचं तोंड बंद करून ऑक्सिजन भरतात. दाब ३० सेंटिमीटर पाण्याइतका झाला की तो किमान १० सेकंद टिकला पाहिजे. औषध घालण्याआधी फवारणीचा पंप साध्या पाण्यावर चालवून बघतात, त्यातलाच हा प्रकार. भुलीचं औषध भरायच्या टाकीचं झाकण सैल नाही ना, हेही बघायचं. सक्शन, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा आणि बॅटरीही बघायची. आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

एवढं करूनही नळीतून येतंय ते ऑक्सिजनच, हे काटा सांगत नाही. २०१६ मध्ये इंदूरच्या एका सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनच्या पाइपातून नायट्रस ऑक्साइड आला आणि दोन मुलं दगावली. म्हणून ऑक्सिजन मोजणारं मीटर लागतं. साध्या हवेत ते २१ टक्के दाखवतं, शुद्ध ऑक्सिजन सोडल्यावर शंभराच्या जवळ गेलं पाहिजे.

पाइपलाइन असली तरी मशीनवर भरलेला सिलिंडर हवाच. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीला गळती लागून ऑक्सिजनचा पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले.

पूर्ण तपासणी रोज सकाळी, पहिल्या केसआधी होते. पुढच्या प्रत्येक पेशंटआधी नळ्या, गळती आणि सक्शन पुन्हा बघून वहीत सही करायची असते.