पोटुशी काळी

आमच्याकडे जमिनीला नुसतं ‘काळी’ म्हणतात. शहरातल्या भाषणांत तिची ‘काळी आई’ होते. भाषणातली ही आई बहुधा थकलेली, सोशिक, पिकल्या केसांची. माझ्या आजीची काळी तशी नव्हती. ती तरणीताठी होती आणि दरवर्षी मार्गशीर्षातल्या अवसेला पोटुशी असायची.

त्या दिवसाला लातूर-धाराशिवकडे येळवस म्हणतात. हल्ली फलकांवर ‘वेळ अमावस्या’ असं लिहितात, पण शब्द मूळचा कानडी: एळ्ळ अमावास्या, तिळाची अवस. तिकडे बीदर-कलबुर्गीतही ती असतेच. या सुमाराला रब्बीची ज्वारी पोटऱ्यात येते. कणीस अजून पानाच्या आत, बाहेरून नुसता फुगार दिसतो. ते बाहेर पडलं की ज्वारी निसवली म्हणायचं. हे शब्द शिवारातले की माजघरातले, हा घोळ मला लहानपणी कायम पडायचा.

आदल्या रात्री आमची चूल विझत नसे. आंबिलीचं मडकं त्याच्याही आधी लागलेलं असे. ताकात ज्वारीचं पीठ, लसूण, मीठ. भज्जी म्हटलं की बाहेरचा पाहुणा तळणाची वाट बघत बसतो. आमची भज्जी म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे, हाताला येतील त्या पालेभाज्या, चिंच आणि बेसन घालून रटरट शिजवलेलं दाट कालवण. शिवाय बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. इतकं कशाला, असं आई वैतागून विचारायची. आजीचं उत्तर ठरलेलं, “पोटुशीला काय खावं वाटंल, कुनाला ठावं? समदंच करावं.”

रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुना लावलेले पाच दगड. ते पाच पांडव. तिथं खण-नारळानं ओटी भरायची. मग आजोबा तांब्यातली आंबील डहाळीनं पिकावर शिंपत धुरेधुरेनं फिरायचे आणि आम्ही पोरं ओरडत मागे. आम्हाला पानं नंतर.

ओटी काही आपण आईची भरत नाही. माहेरी आलेल्या लेकीची भरतो, सुनेची भरतो. आजी ते सरळ बोलून दाखवायची, “आपुन तिला आई म्हनताव, पर ती हाय आपली लेक.” ओडिशात तर लोक याच्याही पुढे गेलेत. तिथं जूनमध्ये रज नावाचा सण असतो. तीन दिवस भुईला पाळी आली असं मानून नांगर बंद ठेवतात.

बहात्तरच्या दुष्काळाची येळवस आजी फार रंगवून सांगे. रानात हिरवं पातं नव्हतं. घरात ज्वारी नव्हती, होता रेशनचा तांबडा मिलो. तिनं त्याचीच आंबील लावली आणि भेगाळलेल्या रानात नेऊन ओतली. “पोट न्हाई म्हून लेकीला उपाशी ठिवावं का?” असं म्हणून ती हसायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. आदल्याच रात्री गणपती बुडवून लोक निजले होते. हजारो माणसं गेली. आमची एक भिंत फुगली, तेवढ्यावर निभावलं. जानेवारीत येळवस आली तेव्हा चुलता म्हणाला, “जिनं लेकरं गाडली, तिचे कसले डोहाळे?”

आजी पीठ मळत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “पोटुशी बाई रातच्याला कूस बदलती. कडंला कोन निजलंय, तिला काय दिसतंय?”

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. माणसं मेली ती आमच्याच बांधणीनं. मातीत रचलेल्या दगडांच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद. पण चुलताही पुढे काही बोलला नाही. सकाळी मडकं त्यानंच डोक्यावर घेतलं.

आता आजी नाही, चुलताही नाही. येळवसेला लातुरात स्थानिक सुट्टी असते, बाजारपेठ ओस पडते. त्या दिवशी तिकडे आलात तर बंद दुकानांपुढे उभे राहू नका. सरळ रस्ता सोडा आणि दिसेल त्या कोपीकडे चाला. बोलावणं लागत नाही.