यंत्राचा शब्द आणि काळाचे माप

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काळ एका संख्येच्या रूपाने नांदतो. एका ठरावीक आरंभक्षणापासून किती कालांश लोटले, याची ती मोजदाद होय. ही संख्या किती बिटांत साठवावी, हे प्रोसेसरच्या शब्दलांबीवरून ठरत असावे, असा सर्वसाधारण समज आहे. यंत्र लहान तर काळाचे माप लहान, यंत्र मोठे तर तेही मोठे, ही उपपत्ती सोपी आहे. परंतु इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाही.

आरंभीचेच उदाहरण घ्यावे. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडविलेली युनिक्स प्रणाली १९७१ मध्ये पीडीपी-११ या यंत्रावर चालत होती. त्या यंत्राचा शब्द १६ बिटांचा. काळ मात्र दोन शब्द जोडून ३२ बिटांत साठविला जाई. मोजण्याचे एकक सेकंदाचा साठावा भाग हे असल्यामुळे ही संख्या सुमारे सव्वादोन वर्षांतच भरून जाई. पुढे एकक एक सेकंद झाले आणि १ जानेवारी १९७० हा आरंभक्षण स्थिर झाला. त्या काळच्या सी भाषेत ३२ बिटांचा पूर्णांक उपलब्ध नसल्याने काळाची संख्या दोन घटकांच्या सारणीत ठेवून तिचा पत्ता आज्ञेस द्यावा लागे. ती अडचण केव्हाच दूर झाली. पत्ता स्वीकारण्याची सोय मात्र त्या आज्ञेत आजही टिकून आहे. एकदा रूढ झालेला करार कारण संपल्यावरही कसा उरतो, याचा हा पहिला दाखला होय.

चिन्हासाठी एक बिट खर्च केल्यावर ३२ बिटांची ही सेकंदगणना १९ जानेवारी २०३८ रोजी, ग्रीनिच वेळेनुसार ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. पुढच्याच सेकंदाला संख्या ऋण होऊन डिसेंबर १९०१ दाखवू लागते.

ही मर्यादा त्या पिढीच्या यंत्रांमुळे अटळ होती काय? १९७७ मध्ये जाहीर झालेल्या व्हॅक्स यंत्राची साक्ष याविरुद्ध जाते. व्हॅक्स ३२ बिटांचे. त्यावरील व्हीएमएस या प्रणालीने काळासाठी प्रारंभापासून ६४ बिट राखून ठेवले आणि १७ नोव्हेंबर १८५८ पासून १०० नॅनोसेकंदांच्या एककात गणना केली. त्याच यंत्रावर १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सने ३२ बिटच कायम ठेवले. प्रोसेसर एक, मापे दोन! उलटपक्षी, १९९२ मध्ये पुढे आलेला अल्फा प्रोसेसर ६४ बिटांचा असूनही त्यावरील डिजिटल कंपनीच्या युनिक्सने काळ ३२ बिटांतच ठेवला. सारांश, यंत्राची शब्दलांबी सोय पुरविते. निर्णय दुसरीकडे होतो.

तो कोठे होतो, हे २०१० नंतरच्या घडामोडींवरून स्पष्ट होते. रूपांतरित होऊन यंत्रभाषेत उतरलेल्या कार्यक्रमात प्रत्येक घटकाचे स्थान पक्के झालेले असते. काळाचा घटक चार बाइटांवरून आठ बाइटांचा केला की त्यामागचे सारे घटक सरकतात आणि जुना कार्यक्रम भलत्याच ठिकाणी वाचू लागतो. म्हणून प्रश्न जुन्या कार्यक्रमांशी केलेल्या कराराचा आहे. ओपनबीएसडीमध्ये गाभा आणि त्यासोबतचे कार्यक्रम एकत्रच घडविले जात असल्याने २०१४ च्या ५.५ आवृत्तीत ३२ बिटांच्या यंत्रांसह सर्वत्र ६४ बिटांचा काळ एका झटक्यात लागू करता आला. नेटबीएसडीने २०१२ मध्येच हे पाऊल उचलले होते. लिनक्सच्या गाभ्याने जुने कार्यक्रम न मोडण्याचे व्रत घेतलेले असल्यामुळे जुन्या आज्ञा तशाच ठेवून २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत ३२ बिटांच्या यंत्रांसाठी नव्या समांतर आज्ञा जोडल्या. ग्लिबसी या ग्रंथालयाने २०२१ मध्ये हा बदल ऐच्छिक ठेवला.

डेबियनचा निर्णय सर्वांत बोलका आहे. २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटांच्या एआरएम यंत्रांवर काळ ६४ बिटांचा झाला; आय३८६ वर तो ३२ बिटांचाच राहिला. एआरएम यंत्रे २०३८ नंतरही उपकरणांत राबत राहतील, हा तेथील विचार. आय३८६ चे मुख्य प्रयोजन जुने कार्यक्रम चालविणे हेच उरले असल्याने तेथे माप बदलणे म्हणजे ते प्रयोजनच गमावणे. शब्दलांबी समान असतानाही निर्णय परस्परविरुद्ध झाले, आणि दोन्ही आपापल्या जागी सयुक्तिक आहेत.

तात्पर्य, काळाच्या मापाची निवड ही भूतकाळाशी असलेली बांधिलकी आणि भविष्यकाळाची जबाबदारी यांतील तडजोड आहे. व्हीएमएसच्या कर्त्यांनी चार बाइट अधिक खर्चून जे प्रारंभीच साधले, तेच पुढे इतरांना अनेक वर्षांच्या परिश्रमांनी साधावे लागले. प्रणालींच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने यंत्राच्या क्षमतेइतकेच कराराच्या आयुष्याकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे.