धक्काशोषक (जुन्या मोटारींचे पुनरुज्जीवन)

धक्काशोषक किंवा शॉक ॲब्सॉर्बर हा मोटारीच्या स्प्रिंगांची आंदोलने शमवणारा भाग होय. गॅरेजच्या बोलीत त्याला ‘शॉकअप’ म्हणतात. रूढ नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. रस्त्याचा धक्का झेलतात ते स्प्रिंग किंवा पाटे. धक्क्यानंतर गाडी हेलकावत राहू नये, हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीतील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून जाण्यास भाग पाडतो आणि आंदोलनाची ऊर्जा उष्णतेत बदलते. जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करताना नवा शॉकअप पुष्कळदा मिळतो, परंतु त्याला जोडणारे योग्य बोल्ट, वायसर व बुश आणि त्याचा मूळ रंग यांचा शोध कठीण जातो. यांपैकी रंग हा प्रामुख्याने अस्सलपणाचा प्रश्न आहे. बोल्टाची निवड मात्र थेट सुरक्षिततेशी निगडित आहे.

महाराष्ट्रातील गाड्या

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट कंपनीच्या परवान्याने बनलेली फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमिअर पद्मिनी या पुनरुज्जीवनासाठी नेहमी येणाऱ्या गाड्या आहेत. त्यांच्या पुढील चाकांना गुंडाळी स्प्रिंग, मागील अखंड धुऱ्याला पाटे आणि चारही ठिकाणी नळीसारखे शॉकअप असतात. ग्रामीण भागात महिंद्रा जीपची संख्या मोठी. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने १९४७ पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली. या गाडीला चारही बाजूंस पाटेच असतात. तिसरी गाडी अँबेसेडर, जिचे मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डमध्ये आहे.

शॉकअपची देशी निर्मिती करणाऱ्या प्रमुख कंपन्यांपैकी गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईत सुरू झाली. त्यामुळे एखाद्या गाडीवर परदेशी ऐवजी भारतीय बनावटीचा शॉकअप आढळला, तर तो ‘नकली’ समजून टाकून देणे चुकीचे ठरते. भारतात बनलेल्या पद्मिनीसाठी इटलीतील भागापेक्षा तोच अधिक अस्सल असू शकतो.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीच्या सुट्या भागांना दीर्घकाळ मागणी राहिली. तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपल्याने रस्त्यावरून गेली. आता शोधाची ठिकाणे म्हणजे कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचे काश्मिरी गेट आणि जुन्या दुकानांतील न विकलेला माल.

आट्यांचा घोटाळा

या तीन गाड्यांची कुळे तीन देशांची असल्याने त्यांच्या बोल्टांची मापेही एक नाहीत. इटालियन कुळातील पद्मिनीवर मेट्रिक आटे असतात; जीप व अँबेसेडर यांवर प्रामुख्याने इंची मापाचे बारीक, म्हणजे यूएनएफ आटे. फरक डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. ३/८ इंची बोल्टाचा व्यास ९.५२५ मिलिमीटर, म्हणजे १० मिलिमीटरच्या बोल्टापेक्षा अर्ध्या मिलिमीटरनेही कमी नाही. ५/१६ इंची बोल्ट (७.९४ मिलिमीटर) तर ८ मिलिमीटरच्या बोल्टाशी जवळपास जुळतो, पण त्याच्या इंचात २४ आटे, म्हणजे दोन आट्यांतील अंतर सुमारे १.०६ मिलिमीटर, मेट्रिक जाड आट्यांत ते १.२५ असते. असा नट दोन फेरे सहज बसतो, मग अडतो. पान्याच्या जोराने पुढे रेटला की आटे कापले जातात. म्हणून जुना बोल्ट आटे मोजण्याच्या पट्टीने, म्हणजे थ्रेड गेजने, तपासल्याशिवाय नवा आणू नये.

मापाइतकेच महत्त्व मजबुतीला आहे. मेट्रिक बोल्टाच्या डोक्यावर ४.६, ८.८ असे आकडे असतात. ४.६ म्हणजे सुमारे ४०० आणि ८.८ म्हणजे सुमारे ८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतकी ताणशक्ती. अमेरिकी पद्धतीत ग्रेड पाचच्या डोक्यावर तीन, तर ग्रेड आठच्या डोक्यावर सहा रेघा असतात.

वरूडसारख्या तालुक्याच्या गावी ही बाब विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. संत्रा पट्ट्यात ट्रॅक्टर आणि पंपांची कामे करणारा लेथवाला कुशल असतो, व हरवलेला बोल्ट तो तासाभरात घडवून देतो. मात्र साध्या सळईपासून केलेला असा बोल्ट दिसायला हुबेहूब असला तरी मूळच्या निम्म्या ताकदीचा असू शकतो. बागेच्या खाचखळग्यांच्या पांदणीवर तो तुटला, तर शॉकअपचे सुटलेले टोक ब्रेकच्या नळीवर आदळण्याचा धोका असतो. लेथवर अंतर-नळ्या, बुशांची कवचे, वाटीच्या आकाराचे वायसर अवश्य करून घ्यावेत. भार सोसणारा बोल्ट आकडा असलेलाच विकत घ्यावा.

मूळ रंगाचा शोध

बहुतेक कारखान्यांतून शॉकअपची नळी काळ्या, मध्यम चकाकीच्या इनॅमलने रंगवलेली येई; काही उत्पादक राखाडी किंवा अन्य रंगही वापरत. पुरावा गाडीतच असतो, फक्त तो धुण्यापूर्वी पाहावा लागतो. वरच्या धूळ-कवचाची आतील बाजू, वायसरखालचे वर्तुळ व कंसाच्या आड दडलेला पत्रा येथे पहिला थर टिकलेला असतो. एका कडेला बारीक पॉलिशकागद गोलाकार घासल्यास रंगाचे थर वलयांसारखे उलगडतात. डाव्या व उजव्या बाजूंची तुलना करावी, कारण एक बाजू आधीच बदललेली असण्याचा संभव मोठा. छायाचित्रे काढून प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत ठेवणे, हे कंटाळवाणे असले तरी त्याला पर्याय नाही.

बोल्ट सहसा रंगवलेले नसत; त्यांवर जस्ताचा मुलामा किंवा काळसर फॉस्फेट असे. जुन्या परदेशी बोल्टांवर कॅडमियमही आढळते. ते विषारी असल्याने असे भाग घासू अथवा तापवू नयेत.

पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसवर चालते. तीत तेल भरलेला शॉकअप घातल्यास सील जळते, आणि वायूने भरलेला असल्यास तो फुटूही शकतो. वाळूच्या माऱ्याने सफाई करतानाही कण सीलमध्ये शिरतात. दांड्याच्या क्रोमवर रंगाचा थेंबही नको. वायसर जेथे टेकतो तेथे जाड थर दिल्यास तो कालांतराने दबतो, व घट्ट केलेला जोड सैल पडतो. कापून, तेल भरून पुन्हा वेल्डिंग केलेले शॉकअपही बाजारात विकले जातात. त्यांची शिवण नव्या रंगाखाली दडवलेली असते, तेव्हा चकचकीत रंग हाच पहिला संशय मानावा.

जोडणी

बदली शॉकअपची पूर्ण दबलेली व पूर्ण ताणलेली अशी दोन्ही लांबी मूळ भागाशी जुळली पाहिजे. लांबी जास्त असेल तर तो खड्ड्यात आतून आदळतो. कमी असेल तर धुरा खाली जाताना त्यालाच लोंबकळतो. बसवण्यापूर्वी दुहेरी नळीचा शॉकअप उभा धरून काही वेळा दाबावा-ओढावा, म्हणजे अडकलेली हवा निघते. धातूला चिकटवलेल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. जॅकवर आवळल्यास रबर पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते.

कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. तिचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल नसावेत, अशी अट आहे. नवीन शॉकअपसाठी सांगाड्यावरील मूळ कंस कापण्याचा मोह होतो, तेव्हा ही अट आठवावी.